तांबड्या घारीचं इंग्रजी नाव

कमळाकर ओव्हाळला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि तरी पनवेलमधलं निम्मं इंग्रजी त्याच्याच हातचं होतं. डेंटल क्लिनिक, व्हिडिओ लायब्ररी, जेन्ट्स टेलर, कोल्ड्रिंक हाउस. अक्षर म्हणजे त्याच्या लेखी आकार. एस म्हणजे बगळ्याची मान, आर म्हणजे एक पाय पुढे टाकून उभा राहिलेला हवालदार. जागा कमी असली की तो शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहीत यायचा आणि पहिलं अक्षर बरोबर कडेला आणून टेकवायचा. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलेलं पाटीवर जसंच्या तसं उतरायचं. अर्थ गिऱ्हाइकाचा, वळण आपलं, हा त्याचा धंद्याचा कायदा.

एसटी स्टँडच्या मागे त्याची पत्र्याची टपरी. वर नाव ‘कमळ आर्ट्स’. बाजारातल्या शेठ लोकांना ते लक्ष्मीचं फूल वाटायचं, त्यामुळे आडनाव कोणी विचारत नसे. आपण आडनाव लपवलेलं नाही, फक्त लिहिलेलं नाही, असं कमळाकर म्हणायचा. या दोन्हींत फरक काय तो त्याचा त्यालाच ठाऊक.

सही मात्र तो जपून करायचा. काम मनासारखं उतरलं तरच कोपऱ्यात बारीक ‘कमळ आर्ट्स’. मोरा बंदराच्या धक्क्यावरच्या होड्यांची नावं, गणपतीच्या मखरामागचा पडदा, एवढ्यावरच. ‘येथे थुंकू नये’ आणि ‘येथे लघवी करू नये’ यावर सही नाही. तीस वर्षांत थुंकू नये जास्त झालं होतं आणि मखरं कमी. लोक त्याची पाटी वाचायचे आणि दुकानात शिरायचे. पाटीकडे बघत कोणी उभं राहिलंय, असं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हणून एक्क्याण्णव साली साठेसाहेब स्कूटरवरून उतरून म्हणाले, “पेंटर, चित्रं काढता का हो? पक्ष्यांची?” तेव्हा कमळाकरने ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला आणि पहिल्यांदा गिऱ्हाइकाला स्टूल दिलं.

कृष्णकांत साठे विमा कंपनीत अधिकारी. राहायला नवीन पनवेलला, सिडकोच्या इमारतीत. गळ्यात दुर्बीण नसली तर माणूस उघडा वाटावा असा पक्ष्यांचा नाद. त्यांनी चारचौघे जमवून ‘तळेकाठ मंडळ’ काढलं होतं. पनवेलच्या इस्रायल तळ्याच्या कडेने पाट्या लावायच्या. एकेका पाटीवर एकेक पक्षी, खाली मराठी नाव, इंग्रजी नाव. संध्याकाळी तळ्यावर फिरायला येणाऱ्यांनी उभं राहून बघावं.

“उभं राहून?” कमळाकरने विचारलं.

“मग काय पळत पळत?” साठे म्हणाले.

कमळाकरने काम घेतलं. पैशाचं बोलणं त्याने इतक्या कमीत उरकलं की साठ्यांनाच लाज वाटली.

बगळा, खंड्या, पाणकावळा, वेडा राघू, सगळे झाले. चांगले झाले. पण त्याने जीव ओतला तो दोन घारींवर, कारण त्या त्याच्या ओळखीच्या होत्या. मोऱ्याला होड्या रंगवताना दिवसभर डोक्यावर त्याच. एक तपकिरी, काळपट, माशासारखी दुभंगलेली शेपटी. दुसरी विटकरी अंगाची, डोकं आणि छाती दुधात बुडवून काढल्यासारखी. त्याने मुद्दाम एक दिवस मोरा गाठला आणि गंगाबाईच्या होडीवर बसून नुसतं बघितलं.

गंगाबाई होडीची मालकीण. पाट्यांचं तिला पटलं नाही. “घारीचं चित्र? घार काय बघायची हाय? वर बघ, दिसंल.”

“हिला काय म्हणता तुमी?”

“तांबडी. ती काळी. दोगी चोरट्या. जरा पाठ वळली का टोपलीत पाय.” तेवढ्यात तांबडीने काळीच्या पंजातून मेलेला बांगडा उडवला. गंगाबाईने दोघींना मिळून एकच शिवी हासडली, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाही.

ती झटापट कमळाकर डोळ्यांत भरून घेऊन आला. तांबडी त्याने पंख मिटता मिटता काढली. काळी मात्र वळताना: एक पंख वर, एक खाली, शेपटी सुकाणूसारखी तिरपी. ही शेपटी चौकटीत मावेना, तेव्हा त्याने तिचं टोक खालच्या नावाच्या पट्टीत उतरू दिलं, इंग्रजी अक्षरांच्या मधोमध. पाटी रंगवणाऱ्याच्या आयुष्यात असं धाडस एकदाच होतं. अक्षर आणि पाखरू एकमेकांत गुंतली आणि दोन्ही उठून दिसली. त्याने मागे सरकून बघितलं, विडी पेटवली, विझली तरी बघत राहिला. मग सही केली.

नीता कॉलेजातून येताना डबा घेऊन टपरीवर आली. त्याची एकुलती एक लेक, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. बापासारखीच तोंडाने तिखट. ती पाटीसमोर उभी राहिली. खरंच उभी राहिली. कमळाकर वाट बघत होता.

“बाबा, ही घार उडेल आता.”

“हां.”

“काय शेपटी काढलीय!” मग ती खाली वाकली, पट्टीवरचं वाचलं आणि सरळ झाली. “हे कोणी लिहून दिलं?”

“एफ्राइम मास्तरांनी. इंग्रजी नावं सगळी त्यांनी दिली. का? काना-मात्रा चुकला?”

“नाही. बरोबर लिहिलंय तुम्ही. एकदम बरोबर.” तिचा आवाज बारीक झाला होता. “परायाह काइट. परायाह म्हणजे माहीत आहे?”

“मला काय माहीत? मी काय विलायतेला होतो?”

“मद्रासकडची जात आहे बाबा ती. आपल्यासारखी. गावाबाहेरची. इंग्रजीत त्याचा अर्थच झालाय, ज्याला कोणी जवळ करत नाही, ज्याला शिवत नाहीत. आमच्या पुस्तकात धडा आहे.” तिने शेजारच्या पाटीवर बोट ठेवलं. तांबडी घार, पांढरं डोकं, खाली ऐटदार अक्षरं. “आणि हिचं नाव ब्राह्मिनी काइट.”

कमळाकरने आधी एका पाटीकडे बघितलं, मग दुसरीकडे. दोन्ही नावांचं वळण सुरेख होतं. तेच तर. इतक्या प्रेमाने त्याने आजवर एकही शब्द लिहिला नव्हता. आणि त्या शब्दाच्या शेजारी, बोटभर अंतरावर, त्याची सही.

तो जेवला नाही. डबा तसाच सायकलला अडकवला आणि थेट तळ्यावर गेला.

एफ्राइम मास्तर आपटेकर तळ्याच्या अंगालाच राहायचे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्यातले बहुतेक लोक कधीच इस्रायलला निघून गेले होते, मास्तर आणि त्यांच्या बायको बथशेबाबाई तेवढे राहिलेले. कमळाकरला त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. नववीत त्याने शाळा सोडली तेव्हा दोघांचीही सुटका झाली.

मास्तर बनियनवर आरामखुर्चीत बसले होते. कमळाकर उंबऱ्यातूनच कडाडला. “मास्तर, माझ्या हातून मला शिवी लिहून घेतलीत!”

“आत ये, मग ओरड,” मास्तर म्हणाले. “बाहेरून ओरडलास तर लोकांना वाटेल मी भाडं थकवलंय.”

बथशेबाबाईंनी काही न विचारता त्याच्या हातात ताटली दिली. मलिदा होता: गुळाचे पोहे, ओलं खोबरं, वेलची, कडेला केळ्याच्या फोडी. त्यांच्या मुलाला, एरियलला, तिकडे इस्रायलात नोकरी लागली होती, म्हणून एलियाहू नबीच्या नावाने केलेला. “नवसाचा आहे, नाही म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या. रागावलेल्या माणसाच्या हातात गोड ताटली आली की त्याची पंचाईत होते. खाली ठेवता येत नाही आणि धरून ओरडताही येत नाही. कमळाकर बसला. पोटात सकाळपासून काही नव्हतं, खाल्लंही.

“बोल आता.”

त्याने सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पंचावन्न वर्षं वाचतोय हा शब्द. घारीच्या मागे लागलेला. डोळा त्याच्यावरून घसरून जातो रे. तुझा नाही घसरणार, बरोबर आहे.”

“आलं कुठून हे नाव? पाखराने तर सांगितलं नसेल.”

“साहेब आला,” मास्तर सांगू लागले. शिकवायची सवय हाडात होती. “नवीन मुलुख. नवीन झाडं, नवीन पाखरं. त्याला प्रत्येकाला नाव हवं. नाव नसलं की साहेबाला झोप येत नाही. ही पांढऱ्या डोक्याची घार दिसली. लोक तिला विष्णूचं वाहन म्हणून हात जोडतात, देवळावर तिला खायला टाकतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. झाली ब्राह्मिनी. मग तो सुटलाच. एका बदकाला ब्राह्मिनी म्हणाला, एका साळुंकीला म्हणाला, देवाला सोडलेल्या बैलालाही म्हणाला. जे देखणं, जे मानाचं, ते ब्राह्मिनी.”

“आणि जे उकिरड्यावर?”

“ते परायाह. मद्रासला तो आधी उतरला होता, तिथला शब्द. ढोल वाजवणाऱ्या लोकांची जात. रस्त्यातलं कुत्रं परायाह, उकिरड्यावरची घार परायाह.”

“म्हणजे साहेब बोटीतून उतरला आणि पाखरांचीसुद्धा वर्णव्यवस्था लावून मोकळा झाला.”

“आणि गंमत ऐक. त्या साहेबाचा स्वयंपाक कोण करायचं? बरेचदा हेच लोक. दुसरं कोणी त्याच्या गोमांसाला हात लावत नव्हतं.”

“हातचं खाल्लं आणि नाव उकिरड्याला दिलं!” कमळाकरने ताटली खाली आपटली. “पण साहेबाला हे वरचे-खालचे शिकवलं कोणी? तो तर आईच्या दुधाबरोबर जात शिकला नव्हता.”

“त्याच्या शेजारी मुनशी असणार. शिकलेला. मुनशी कुठल्या घरचा असणार ते तू ओळख. मी काही तिथे नव्हतो,” मास्तर म्हणाले. मग खिडकीतून तळ्याकडे बघत राहिले. “नाव नेहमी बाहेरचा पाडतो कमळाकर. आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणायचे. माझ्या आज्याचा आपटा गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी आम्ही काम करत नाही, घाणा बंद. गावाने नाव पाडून टाकलं. आम्ही स्वतःला थोडंच शनवार तेली म्हणत होतो? आतला माणूस स्वतःला नुसतं ‘आपण’ म्हणतो.”

“तुमच्या नावात तेल होतं, मास्तर. आमच्या नावात लोकांची थुंकी होती.”

मास्तरांनी तळ्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. “हो,” ते म्हणाले. “सारखं नाही ते. मी उगाच जोडायला गेलो.”

बथशेबाबाई आतून म्हणाल्या, “तुम्हाला सगळं जोडायची सवयच आहे. त्याला काय हवंय ते विचारा आधी.”

काय हवंय? वाटेत सायकलवर त्याने हे दहादा स्वतःला विचारलं होतं. “मला माझी घार तळ्यावर लागलेली हवी,” तो म्हणाला. “लोकांनी उभं राहून बघितलेली हवी. पण त्या शब्दाखाली माझी सही नको. मेलो तरी नको.”

दुसऱ्या दिवशी साठेसाहेब पाट्या बघायला टपरीवर आले. रविवारी उद्घाटन, वनखात्याचे मोठे साहेब येणार, गडबड. पाणकावळ्याला वा, खंड्याला वा वा, आणि काळ्या घारीसमोर ते उभेच राहिले. दुर्बीण नसताना त्यांनी डोळे बारीक केले. “पेंटर, अहो हे... हा वळतानाचा क्षण मला वीस वर्षांत धरता आलेला नाही.”

कमळाकरला हे ऐकायला फार आवडलं, आणि त्याचाच त्याला राग आला. त्याने नावाचं सांगितलं.

साठे गोंधळले. “अहो, पण ते पक्ष्याचं नाव आहे. त्याचा जातीशी काय संबंध? हे शास्त्र आहे.”

“शास्त्र म्हटलं की आम्हाला आधीच घाम फुटतो, साहेब.”

“तसं नाही. बरं, ठीक आहे. त्याला ब्लॅक काइटसुद्धा म्हणतात. तो शब्द काढा, ब्लॅक लिहा. झालं?”

“आणि ब्राह्मिनी?”

“ते कशाला काढायचं? त्यात कोणाचा अपमान आहे?”

“त्यात तुमचा मान आहे. एका शिडीच्या दोन पायऱ्या आहेत त्या. खालची तेवढी पुसली की वरच्याने म्हणायचं, बघा, आता शिडीच नाही, मी आपला इथे असाच उंच उभा आहे!”

साठ्यांचा चेहरा तांबडा झाला. “मी जातपात मानत नाही, पेंटर. माझ्या घरी विचारा.”

“मग काढा की. तुमचं काय जातंय?”

“जगातल्या सगळ्या पुस्तकांत तिचं तेच नाव आहे! उद्या एखादा जाणकार आला तर हसेल मला.”

“मला हसले तर चालतंय. तुम्हाला नको.”

आवाज चढले. शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन उभा राहिला. साठे म्हणाले, दुसऱ्या पेंटरकडून करून घेईन. कमळाकर म्हणाला, जरूर घ्या, बाकीच्या पाट्या उचला, या दोन घारी माझ्या घरी जातील. आणि त्याने खरोखरच दोन्ही पाट्या सायकलच्या कॅरियरला बांधल्या, वरून गोणपाट टाकलं आणि भर दुपारी टपरी बंद केली.

घरी नीताने पाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या. घर लहान. जेवताना घारी अंगावर आल्यासारख्या वाटायच्या.

“बाबा, आता?”

“आता काय? आपण बघू. मस्त आहेत.”

“तुम्हाला लोकांनी बघायला हव्या होत्या.”

“तू लोक नायस का?” तो म्हणाला. पण ताटातली भाकरी त्याने नुसती मोडून ठेवली. तळ्यावर दहा पाट्या लागतील. खंड्या लागेल, बगळा लागेल. ते कोणीही काढले असते. जी पाटी त्याच्याशिवाय कोणालाच जमली नसती ती या खोलीत मोरीच्या बाजूला उभी राहणार आणि फोडणीचा धूर खाणार. आपण ताणलं का फार? त्याने स्वतःला विचारलं. उत्तर नाही असं आलं. तरी वाईट वाटायचं थांबलं नाही. बरोबर असलं म्हणजे बरं वाटतं, असं ज्याने कोणी सांगितलं त्याने स्वतःचं काही गमावलेलं नसावं.

शनिवारी दुपारी वस्तीत स्कूटर शिरली. कोंबड्या पांगल्या. बायका दारात आल्या. साठेसाहेब वाकून आत आले आणि कुठे बसावं ते न कळून उभेच राहिले.

“दुसरा पेंटर मिळाला,” ते म्हणाले.

“बरं झालं.”

“त्याने घार काढली.”

“छान.”

“कोंबडी झाली.” साठे हताश होऊन म्हणाले. “अहो, चोच आहे, पंख आहेत, सगळं आहे, पण कोंबडी आहे. तिच्याखाली काहीही लिहा, कोंबडीच राहणार.”

नीता फस्सकन हसली. कमळाकरने हसू दाबायला मिशीवरून हात फिरवला. साठ्यांचं लक्ष तोवर भिंतीकडे गेलं होतं. ते पाटीसमोर उकिडवे बसले, घडी मोडलेल्या पॅंटची पर्वा न करता.

“घरी बायकोला सांगितलं सगळं,” ते पाटीकडे बघतच म्हणाले. “कुमुद म्हणाली, तो शब्द तुमच्या आडनावाचा असता तर वीस वर्षं तोंडात आला असता का? मी म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. मग रात्रभर मीच मध्ये बोलत होतो.” त्यांनी घसा खाकरला. “दोन्ही शब्द काढून टाकू. तुमचं बरोबर आहे असं मला अजून पूर्ण वाटत नाही, हे सांगून ठेवतो. पण ही घार तिथे नसली तर बाकीचं सगळं मला खोटं वाटेल.”

“पूर्ण नाही वाटलं तरी चालेल,” कमळाकर म्हणाला. “हळूहळू वाटेल. नीता, चहा टाक.”

साठे चहा प्यायले. यात सांगण्यासारखं काही नसायला हवं. पण दारातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, म्हणजे एक्क्याण्णव सालीही होतं.

मग काम. वाळलेल्या ऑइल पेंटवर नुसता हात मारून भागत नाही, जुनं अक्षर खालून वर उमटतं, रंगाची कड दिसते. पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत घासावं लागतं. आणि काळ्या घारीच्या शेपटीचं टोक त्या अक्षरांत गुंतलेलं. शब्द घासायचा तर शेपटीही जाणार. कमळाकरने एकदा टोकावरून बोट फिरवलं आणि पाणी लावून घासायला घेतलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला चार बोटं रंग पत्र्यावरून ओघळून जमिनीवर आला. नीताने तोंड फिरवलं.

साठ्यांना नुसतं बसवेना. “मला द्या दुसरी. मी घासतो.”

“जमेल?”

“त्यात काय न जमण्यासारखं?”

विमा कंपनीतल्या हाताने जोर लावला. पेपर सटकला आणि नावाची पट्टी ओलांडून थेट तांबडीच्या पायापर्यंत गेला. कमळाकर ओरडला, “साठेसाहेब, हात हलका! जात घासायची आहे, पाखरू नाही!”

साठ्यांनी पेपर उचलला, आणि मग दोघेही असे हसले की दारातल्या बायकाही हसल्या, कशाला ते न कळताच.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या कोऱ्या झाल्या. प्रायमर वाळल्यावर कमळाकरने आधी शेपटी पुन्हा काढली. पहिल्यापेक्षा थोडी लांब झाली. चांगली झाली की नाही ते त्याला ठरवता येईना. साठे म्हणाले, “आता ती खरंच वळतेय.” मराठी नावं लिहिली: काळी घार, तांबडी घार. काळीखाली इंग्रजीत ब्लॅक काइट, आणि या वेळी कमळाकरने नीताला प्रत्येक अक्षराचा अर्थ विचारून घेतला. अक्षराला अर्थ नसतो असं तिने सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही.

“तांबडीचं इंग्रजीत काय?” तो ब्रश धरून थांबला. “तांबडी म्हणजे रेड ना? रेड काइट लिहू?”

साठे जागेवरून उडालेच. “नाही नाही! रेड काइट वेगळी! ती युरोपात असते!”

“मग तिला पत्र टाका, म्हणावं नाव वाटून घे.”

“पेंटर, इथे मी हलणार नाही. चुकीचं नाव देणार नाही म्हणजे नाही.”

हे कमळाकरला पटलं. चुकीचं नाव द्यायचं नाही, हेच तर तो आठवडाभर बोंबलत होता. “मग कोरी ठेवू,” तो म्हणाला आणि पट्टीला पांढऱ्या रंगाचा आणखी एक हात दिला.

राहिली सही. घासताना ती गेली होतीच. त्याने खारीच्या केसांचा बारीक ब्रश घेतला, कोपऱ्यात टेकवला, आणि ‘कमळ’ एवढं लिहून थांबला. नीता बघत होती. पुढे ‘आर्ट्स’ यायला हवं होतं. ते आलं नाही. ‘कमळाकर ओव्हाळ, पनवेल’, त्याने पूर्ण लिहिलं, दोन्ही पाट्यांवर, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

रविवारी तळ्यावर बऱ्यापैकी गर्दी झाली. वनखात्याच्या साहेबांनी फीत कापली, भाषण केलं, मग पाट्या बघत चालले. तांबडीपाशी थांबले. “मिस्टर साठे, इथे इंग्लिश नेम राहिलंय का?”

कमळाकर मागे सायकलला धरून उभा होता. त्याने साठ्यांच्या मानेकडे बघितलं. मान ताठ झाली.

“राहिलं नाही, सर,” साठे म्हणाले. “तिचं इंग्रजी नाव अजून ठरायचंय.”

“पण बुकमध्ये आहे ना एक?”

“आहे. ते आम्हाला नको होतं.”

एफ्राइम मास्तर खुर्चीतून मोठ्याने खोकले. तो खोकला नव्हता. साहेबांनी मान डोलावली, कारण मागे बटाटेवडे आले होते. तेवढ्यात तळ्यावरून एक खरी घार खाली आली आणि साहेबांच्या हातातला वडा उचलून निघूनही गेली. काळी होती. लोक ओरडले, हसले, वर बघायला लागले, मग पाटीवर, मग पुन्हा वर.

“अय्या, तीच!” एक बाई म्हणाल्या. त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी. उभ्याच राहिल्या. “कोणी काढलंय हो?” आणि वाकून मोठ्याने वाचलं, “कमळाकर ओव्हाळ, पनवेल.”

कमळाकर खाली बसून सायकलची चेन बघू लागला. चेनला काही झालेलं नव्हतं. बथशेबाबाईंनी दोन वडे कागदात गुंडाळून त्याच्या कॅरियरला लावले. “घार आहे इथे, सांभाळून ने,” त्या म्हणाल्या.

सोमवारी टपरी उघडली तेव्हा नगरपालिकेचं काम येऊन पडलं होतं. नेहमीचंच, ‘येथे थुंकू नये’. कमळाकरने दोरी मारली, अक्षरं आखली आणि मन लावून रंगवली. वळण झकास उतरलं. तो मागे सरकला, विडी पेटवली, बघितलं. मग बारीक ब्रश काढला आणि कोपऱ्यात पूर्ण नावाने सही केली.